यंग स्कीमा प्रश्नावली (एस३): बॉर्डरलाइनच्या रुग्णासाठी कितपत कामाची?

बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारावर (यात भावना, नाती आणि स्वतःबद्दलची प्रतिमा सतत हेलकावत राहतात) स्कीमा थेरपी सुरू करताना बहुधा पहिल्यांदा पुढ्यात येते ती या थेरपीचे जनक, मानसशास्त्रज्ञ जेफ्री यंग यांची ही प्रश्नावली. स्कीमा म्हणजे लहानपणापासून मनात रुजलेली, स्वतःकडे आणि इतरांकडे बघण्याची त्रासदायक धाटणी. साधन उत्तम आहे, पण या विकारात ते वाचायची रीत पुष्कळदा चुकते.

एस३ ही छोटी आवृत्ती. १८ स्कीमा, प्रत्येकाची ५ विधानं, एकूण ९०. उत्तर १ ते ६ मध्ये: १ म्हणजे अजिबात लागू नाही, ६ म्हणजे तंतोतंत माझंच वर्णन. विधानं फिरत्या क्रमाने येतात. १, १९, ३७, ५५, ७३ ही भावनिक वंचिततेची. २, २०, ३८, ५६, ७४ ही आपली माणसं सोडून जातील या भीतीची. त्यामुळे मागचं उत्तर बघून पुढचं ठोकून देता येत नाही. हाताने गुण मोजताना मात्र गफलत होते, म्हणून १८ रकान्यांचा तक्ता आधीच आखून ठेवावा.

खरी अडचण पुढे येते. या रुग्णांचे गुण बहुतेक सगळ्याच स्कीमांवर चढे येतात: सोडून जाण्याची भीती, अविश्वास, आपल्यातच खोट असल्याची शरम, आत्मसंयमाचा अभाव, स्वतःला शिक्षा करण्याची वृत्ती. सगळेच आकडे उंच असले की त्यांची सरासरी उपचार कुठून सुरू करायचा हे सांगत नाही. याच कारणाने यंग यांनी पुढे ‘मोड’, म्हणजे त्या त्या क्षणी मनाचा ताबा घेणारी अवस्था, ही कल्पना मांडली. सोडून दिलेलं, छळलेलं मूल, चिडलेलं मूल, शिक्षा करणारा पालक, अलिप्त रक्षक, आणि निरोगी प्रौढ. रुग्ण यांतल्या एकातून दुसऱ्यात तासाभरातही जातो. हे मोड एस३ मोजत नाही, त्यासाठी वेगळी मोड प्रश्नावली आहे.

म्हणून बेरजेपेक्षा ५ आणि ६ दिलेली विधानं वेगळी काढावीत आणि एकेक वाचून विचारावं, ‘हे पहिल्यांदा कधी वाटलं? घरात तेव्हा कोण होतं?’ बालपण खुलतं ते इथे. प्रश्नावली घटनांबद्दल विचारत नाही. मारहाण, लैंगिक अत्याचार, दुर्लक्ष यांची चौकशी स्वतंत्रपणे आणि सावकाश करावी लागते. या विकाराच्या प्रत्येक रुग्णाच्या बालपणी अत्याचार झालेलाच असतो असंही नाही. तेव्हा उंच आकडा हा आईवडिलांविरुद्धचा पुरावा समजू नये.

कमी आकडे आले तर जास्त सावध व्हावं. अलिप्त रक्षक मोडमध्ये भरलेला कागद सपाट दिसतो, सगळीकडे २ आणि ३. काहीच वाटू न देणं हाच तिथला बचाव असतो. सूचनेतच लिहिलंय की शंका असेल तिथे बुद्धीला काय पटतं यापेक्षा मनाला काय वाटतं त्यावरून उत्तर द्यावं. हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवावं.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. स्वार्थत्याग आणि दुसऱ्यात गुंतून जाणं या दोन स्कीमांची विधानं एकत्र कुटुंबातल्या सुनेला किंवा थोरल्या मुलीला सहज लागू पडतात, कारण घरात त्याच वागण्याचं कौतुक होतं. तिथे ६ दिसला तरी त्रास नेमका कुणाला आणि किती, हे विचारल्याशिवाय त्याला विकाराची खूण म्हणू नये. इंग्रजी विधानांचं ऐन वेळी तोंडी मराठी करणंही टाळावं, कारण शब्द बदलला की विधानाची तीव्रता बदलते.

कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून घरी भरायला सांगणं धोक्याचं आहे. जुन्या जखमा वर येतात आणि शेजारी कुणी नसतं. भेटीच्या सुरुवातीला भरून घ्यावा, शेवटची २० मिनिटं मन स्थिर करायला राखावीत. स्वतःला इजा केलेल्या आठवड्यात तर देऊच नये. संकटाच्या वेळी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रुग्णाकडे असावा.

दर महिन्याला पुन्हा भरून घेण्यातही अर्थ नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीत स्कीमा थेरपी आठवड्याला दोन भेटी अशी तीन वर्षं चालली होती. इतक्या संथ बदलाला सहा महिन्यांचं अंतर योग्य.

निदानासाठी ही प्रश्नावली नाही. त्याला डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेतले ९ पैकी किमान ५ निकष आणि मानसोपचारतज्ज्ञाची सविस्तर मुलाखत लागते. प्रशिक्षित थेरपिस्टच्या हाती असेल तर जरूर वापरावी. एकट्याने घरी बसून भरण्यासाठी आम्ही ती सुचवणार नाही.