आपत्कालीन विभागातील नोंद: मोकळा मजकूर की ठरावीक रकाने?

'जिना चढताना छाती आवळल्यासारखी होते, थांबलो की बरे वाटते' हे रुग्णाचे वाक्य डॉक्टरांनी मोकळ्या मजकुरात जसेच्या तसे उतरवले, तर निदानाची अर्धी दिशा तिथेच मिळते आणि ते कोणत्याही रकान्यात नीट मावत नाही. संगणकाच्या हाती मात्र त्यातून फारसे काही लागत नाही.

याउलट ठरावीक रकान्यांत, स्नोमेड सीटीसारख्या प्रमाणित वैद्यकीय संज्ञावलीचे सांकेतिक क्रमांक वापरून केलेली नोंद यंत्राला थेट वाचता येते. जंतुसंसर्गाचा संशय असलेल्या रुग्णात श्वसनगती मिनिटाला २२ किंवा अधिक, वरचा रक्तदाब १०० किंवा कमी आणि बदललेली शुद्ध, या क्यूसोफाच्या, म्हणजे संसर्ग गंभीर होण्याचा धोका झटपट जोखणाऱ्या मोजपट्टीच्या, तीन निकषांपैकी दोन जुळताच प्रणाली सावध करू शकते. नुसते 'धाप लागली आहे' असे लिहिले असेल, तर हा हिशेब मांडताच येत नाही. अर्थात सूचनांचा मारा झाला की त्या न वाचताच बंद केल्या जातात आणि घाईत यादीतला पहिलाच पर्याय निवडला जातो, हे रकान्यांचे समर्थक सहसा बोलत नाहीत.

माझ्या मते जीवनलक्षणे, ॲलर्जी आणि चालू औषधे रकान्यांतच हवीत. रुग्णाची हकिगत मात्र त्याच्याच शब्दांत राहू द्यावी.