आईबाबांच्या रिपोर्टसाठी घेतलेली रिंगवाली फाइल: वापरून बघितल्यावर कशी वाटली

घरात आईबाबा सत्तरीच्या पुढे गेले की कागद कसे वाढत जातात हे ज्याच्या घरी आहे त्याला सांगायला नको. बीपी-शुगरचे डॉक्टर वेगळे, डोळ्यांचे वेगळे, हाडांचे वेगळे, आणि प्रत्येकाला वाटतं की बाकीच्यांनी काय लिहून दिलंय ते पेशंटच्या मुलांना तोंडपाठ असणारच. म्हणून ही फाइल घेतली आणि आता व्यवस्थित वापरून झालीय तर म्हटलं नीट लिहावं, कारण फाइल म्हटलं की लोक हाताला येईल ती उचलतात आणि मग सहा महिन्यांत सगळे कागद परत पिशवीत जातात.

मी घेतलीय ती दोन रिंगांची, खटका दाबून उघडायची जाड पुठ्ठ्याची फाइल, ए-4 मापाची. पारदर्शक पाऊच आणि सेपरेटर वेगळे घ्यावे लागले. याच्या आधी आमच्याकडे ती कप्पेवाली होती, उघडली की पसरते ती. तिच्यात कागद टाकायला एकदम सोपं, पण काढायला बसलं की एका कप्प्यात तीस कागद आणि हवा तो सगळ्यात मागे. वर तारखांचा पत्ता नाही. रिंगवालीत कसं, नवीन रिपोर्ट आला की त्याच तपासणीच्या जुन्या रिपोर्टच्या वर लावायचा, बास. मधलं पान काढायचं असेल तर बाकीचं हलत नाही.

आणि खरा फायदा इथेच आहे, एकाच तपासणीचे कागद एकामागे एक लागतात. बाबांचं क्रिएटिनिन बघा (किडनी नीट चाललीय का ते सांगणारी रक्ताची तपासणी), एका रिपोर्टमध्ये 1.0, पुढच्यात 1.2, मग 1.4. सुटा एकेक कागद हातात घेतला तर फार काही वाटत नाही, पहिले दोन तर नॉर्मलच्या आतले, तिसरा जरासा वर. पण तिन्ही पानं ओळीने उलटली तेव्हा डॉक्टर थांबले आणि म्हणाले गुडघ्यासाठी पेनकिलर किती दिवस चालू आहे? ती गोळी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली होती, यांना माहितीच नव्हती. ती बंद केली आणि किडनीची तपासणी तीन महिन्यांनी परत करायला सांगितली (ईजीएफआर म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा क्रिएटिनिनवरून काढलेला आकडा, तो 60 च्या खाली तीन महिन्यांपेक्षा जास्त राहिला की किडनीचा जुनाट आजार धरतात, म्हणून परत करावी लागते). हे फाइलमुळे झालं असं नाही म्हणणार, डॉक्टरांनी बघितलं म्हणून झालं, पण त्यांना दहा सेकंदात दिसलं ते पानं ओळीने होती म्हणून. एक लक्षात ठेवा, लॅब बदलली तर युनिट बघा. क्रिएटिनिन कुठे मिलिग्रॅममध्ये देतात कुठे मायक्रोमोलमध्ये, डेसिलिटरला 1 मिलिग्रॅम म्हणजे लिटरला जवळपास 88 मायक्रोमोल, आकडा बघून उगाच छातीत धस्स होतं.

आता पाऊचबद्दल जरा सविस्तर, कारण इथे बरेच जण फसतात. ईसीजीचा कागद बहुतेक वेळा थर्मल असतो, म्हणजे शाई नाही, उष्णतेने उमटलेलं असतं. तो पीव्हीसीच्या मऊ, वास येणाऱ्या पाऊचमध्ये ठेवला की प्लास्टिकमधल्या रसायनाने पुसट होत जातो, उन्हात किंवा गरम गाडीत ठेवला तरी खराब होतो. म्हणून पाऊच पॉलिप्रोपिलीनचे घ्या, पाकिटावर पीपी लिहिलेलं असतं, आणि तरीही ईसीजी आला त्याच दिवशी झेरॉक्स काढून टाका. जुना ईसीजी जपायचं कारण म्हणजे छातीत दुखतंय म्हणून नेलं की डॉक्टरांना नवा ईसीजी जुन्याशी ताडून बघायचा असतो, हा बदल आजचा आहे का आधीपासून आहे ते त्यातूनच कळतं.

तक्रारी पण आहेत. पाऊच ए-4 पेक्षा रुंद असतात, त्यामुळे साध्या सेपरेटरची कान काढलेली पट्टी पाऊचच्या मागे पूर्ण लपते आणि मग लेबल लावून उपयोग शून्य. जास्त रुंदीचे सेपरेटर मिळतात ते मागून घ्या. खटका सारखा उघडबंद करून रिंगांची तोंडं जुळेनाशी होतात, मग पानं अडकतात, फाटतात. फाइल घेताना दुकानातच चार-पाच वेळा उघडून बंद करून बघा. वजन भरपूर आहे, आईला स्वतःला उचलून न्यायची म्हटलं तर जमत नाही. एक्स-रेची मोठी फिल्म यात मावतच नाही, तिच्यासाठी वेगळं पाकीट लागतंच, आणि सीटी-एमआरआयची सीडी मिळते ती पाऊचमधून घसरून पडते. सीडीतलं पेनड्राइव्हवर लगेच उतरवून घ्या कारण आता लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते. फिल्म हरवली तरी एकवेळ चालेल पण छापील रिपोर्ट, ऑपरेशनची डिस्चार्ज समरी आणि बायोप्सीचा कागद कधीच टाकू नका, कितीही जुना असला तरी.

पहिलं पान सगळ्यात महत्त्वाचं, ते तुम्हीच बनवायचं, फाइलसोबत येत नाही. माझ्या फाइलमध्ये पहिल्या पाऊचला एकच कागद आहे, मोठ्या अक्षरात: आजार कोणते, ऑपरेशन कोणती आणि कुठल्या साली, कशाची अ‍ॅलर्जी, आणि चालू गोळ्या. गोळ्यांची नुसती ब्रँडची नावं लिहू नका, आतलं औषध, किती मिलिग्रॅम, केव्हा घेतात, कुठल्या डॉक्टरांनी सुरू केली, सगळं लिहा. दोन डॉक्टरांकडून एकच औषध वेगळ्या नावाने येतं, पॅरासिटामॉल तर सर्दीच्या गोळीत पण असतं आणि अंगदुखीच्या गोळीत पण. पेसमेकर, स्टेंट, बदललेला सांधा असं काही असेल तर त्याचं कार्ड याच पाऊचमध्ये, एमआरआयच्या आधी पेसमेकरचं मॉडेल विचारतातच. रात्री आईला इमर्जन्सीत नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी बाकी फाइल उघडलीसुद्धा नाही, तो एक कागद वाचला आणि एकच प्रश्न विचारला, रक्त पातळ करायची गोळी शेवटची कधी घेतली? म्हणून आता त्या गोळीसमोर घ्यायची वेळही लिहिलीय आणि गोळी बदलली की जुना कागद काढून नवा लावते, खाली तारीख टाकून.

माझा भाऊ म्हणतो सगळं फोनमध्ये स्कॅन करून ठेव, फाइल हवीय कशाला. स्कॅन मी पण करते आणि करायलाच हवं, फाइल घरी राहिली तर आधार तोच, आणि भाऊ लांब राहतो त्यालाही बघता येतं. स्कॅनच्या नावात आधी वर्ष मग महिना मग दिवस असं लिहिलं, 2025-03-14 असं, की आपोआप ओळीने लागतात. पण डॉक्टरांसमोर बसून फोनवर बोटाने मोठं करून दाखवण्यात अख्खी अपॉइंटमेंट जाते, आणि फोन माझा असतो, मी नसले तर बाबांनी काय दाखवायचं? फाइल त्यांना स्वतःला हाताळता येते, कुठे काय आहे ते त्यांना माहिती आहे, आणि स्वतःच्या तब्येतीचे कागद त्यांच्या हातात असावेत असं मला मनापासून वाटतं.

पाचपैकी चार देईन, एक वजनाचा आणि रिंगांचा कापला. घेणार असाल तर दोघांना दोन वेगळ्या रंगाच्या घ्या, एकीत दोघांचे कागद अजिबात ठेवू नका, आडनाव एकच असल्यामुळे घाईत आईचा रिपोर्ट बाबांच्या नावावर वाचला जाऊ शकतो. रुंद पाठीची घेऊ नका, मधली पुरते, ती भरली की दोन-तीन वर्षांपूर्वीचे साधे रिपोर्ट काढून घरच्या दुसऱ्या फाइलमध्ये टाकायचे आणि दवाखान्यात न्यायची ती हलकी ठेवायची.