साडेपाचशे खुर्च्या आणि शंभर खुर्च्या

लंडनमधल्या आमच्या हॅरोकडच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक पोस्टर येऊन आदळतं. मुंबईचा कुणी गाजलेला गायक, हजारो माणसं मावणारं अरीना, तिकीट ऐंशी पौंडांपासून पुढे. मंडळी हौसेने जातात आणि दोन तास मोठ्या पडद्याकडे बघून परत येतात. खुशाल जावं. पण तेवढ्याच पैशांत चौघांना वादकाचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळ बसवणाऱ्या जागा याच शहरात आहेत, आणि तिथे आपलं माणूस क्वचित दिसतं. म्हणून हे दोन जागांबद्दल: विगमोर हॉल आणि व्हॉर्टेक्स. पहिल्या ठिकाणी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, दुसऱ्या ठिकाणी जॅझ.

माझी पात्रता काय? मी मिरजेची. सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांच्या दुकानांवरून शाळेत जायचे आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारं गाणं दर्ग्याच्या आवारात मांडी घालून ऐकायचे. पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण शून्य, त्यांची स्वरलिपी मला वाचता येत नाही. पोटापाण्यासाठी लोकांचे हिशेब तपासते, त्यामुळे तिकिटाच्या किमतीवर नजर मात्र बारीक.

आधी विगमोर. ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या मागच्या अंगाला, बाँड स्ट्रीट स्टेशनपासून जवळच. मी बेकर स्ट्रीटला उतरून मॅरिलबोन हाय स्ट्रीटने रमतगमत जाते. बेखश्टाइन या जर्मन पियानो कंपनीने १९०१ साली आपल्या शोरूमला लागून हा हॉल उघडला, तेव्हा नावही बेखश्टाइन हॉलच होतं. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हटलं की इथल्या लोकांच्या डोक्यात तिडीक जायची. कंपनीची मालमत्ता सरकारने ताब्यात घेतली आणि १९१६ साली लिलावात डेबनहॅम्स या दुकानवाल्या कंपनीने हॉल, कचेऱ्या आणि शंभरावर पियानो असं सगळं मिळून ५६,५०० पौंडांत उचललं. एकट्या हॉलच्या बांधकामाला एक लाख पौंड लागले होते. हिशेबनीस बाईला अशा सौद्याची हळहळ वाटते ती वाटतेच. पुढच्या वर्षी विगमोर हॉल या नावाने दारं पुन्हा उघडली.

आत साडेपाचशेच्या आसपास लाल खुर्च्या आणि वर कमानदार छत. मंचामागे अर्धगोल कोनाडा आहे, त्याच्या घुमटावर निळ्या-सोनेरी रंगांत संगीताचा आत्मा आगीच्या गोळ्याकडे टक लावून बघताना रंगवलाय. चित्र मला जरा भडकच वाटतं. पण तिथला आवाज! माइक नाही, स्पीकर नाही. हायडन या जुन्या संगीतकाराची एक चौकडी ऐकत होते, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. पहिला स्वर लागायच्या आधी पहिल्या व्हायोलिनवाल्या बाईंनी नाकाने घेतलेला श्वास मागच्या रांगेत मला ऐकू आला आणि चौघांचे गज एका क्षणी तारेवर पडले. समेवर येण्याची मजा आपल्याला ठाऊक असते. इथे समेवरून निघण्यातली मजा कळते. व्हायोला हे वाद्य मोठ्या हॉलमध्ये बिचारं कुठेतरी हरवून जातं. इथे त्याचा घोगरा, मधल्या सप्तकातला आवाज वेगळा काढून ऐकता येतो. चेलोची खर्जाची तार बोटाने छेडली की झंकार पूर्ण विरेपर्यंत कान तिच्याबरोबर जातो. तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर तार छेडून का थांबतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या हॉलचं मोल वेगळं सांगायला नको.

माझी तक्रार हॉलबद्दल नाही, तिथे आणि असल्या प्रत्येक हॉलमध्ये पाळल्या जाणाऱ्या शिस्तीबद्दल आहे. रचनेचे चार भाग असतात, वादक मधे थांबतात, घाम पुसतात, सूर तपासतात, आणि श्रोते ढिम्म. टाळी चौथ्या भागानंतरच. एखादी जागा काळजाला भिडली तरी ‘वाह’ घशातच ठेवायची. ही काही सनातन परंपरा नाही. मोत्सार्टने १७७८ साली पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्याच्या सिंफनीला लोकांनी मधेच कशा टाळ्या दिल्या ते मोठ्या खुशीत सांगितलंय. म्हणजे ज्यांचं संगीत आपण मान खाली घालून ऐकतो, त्यांना स्वतःला दाद हवी होती. असो. नवीन माणसाने एक करावं: आजूबाजूचे टाळी वाजवतील तेव्हाच आपणही वाजवावी.

सुरुवात करायला रविवार सकाळची साडेअकराची बैठक सगळ्यात सोयीची. मध्यंतर नाही, सुमारे तासाभराचा कार्यक्रम, आणि संपल्यावर तिकिटातच कॉफी किंवा शेरी नावाची वाइन. आमच्या ह्यांना चौकडीतलं काही कळत नाही, पण दुपारी साडेबाराला अधिकृतपणे शेरी मिळते म्हणून तेही येतात आणि येताना स्वतःहून इस्त्रीचा शर्ट घालतात. तिकीट वीस पौंडांच्या आगेमागे. पस्तिशीच्या आतल्यांसाठी बऱ्याच कार्यक्रमांना पाच पौंडांची तिकिटं असतात, तेव्हा मास्टर्स करायला आलेल्या पोरापोरींनी ‘परवडत नाही’ हे कारण सांगू नये. सोमवारी दुपारी एकची मैफल बीबीसी रेडिओ ३ वर थेट जाते. कार्यालय मध्य लंडनमध्ये असेल तर जेवणाच्या सुटीत उरकता येते.

पुण्या-मिरजेतून हे वाचणाऱ्यांसाठी: २०२० च्या जूनमध्ये सगळं बंद असताना या लोकांनी रिकाम्या हॉलमध्ये कलाकार बसवून दुपारच्या मैफली थेट दाखवायला सुरुवात केली. तेव्हापासून त्यांची कितीतरी चित्रणं नेटवर फुकट आहेत. चांगले हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून मत बनवू नका.

आता डाल्स्टन. हॅरोहून जायचं तर मेट्रोपॉलिटनने फिंचली रोड, तिथून थोडं चालून फिंचली रोड अँड फ्रॉग्नल, आणि ओव्हरग्राउंडने डाल्स्टन किंग्जलँड. स्टेशनबाहेर पडलं की दोन-तीन मिनिटांत जिलेट स्क्वेअर. चौकात पोरं स्केटबोर्ड आपटत असतात, बाकांवर म्हातारी मंडळी गप्पा छाटत असतात, आणि कडेच्या इमारतीत जिना चढून गेलं की व्हॉर्टेक्स. हा क्लब मूळचा स्टोक न्यूइंग्टनचा, २००५ मध्ये इथे आला. नफ्यासाठी चालत नाही आणि बरंचसं काम स्वयंसेवक करतात. दारात तुमचं नाव यादीत शोधणारे काका बहुधा तुमच्या-माझ्यासारखेच रसिक असतात. शंभरेक माणसं बसली की खोली भरली.

इथे येण्याआधी मी मध्य लंडनमधल्या एका जॅझ-रेस्टॉरंटमध्ये गेले होते, नाव कशाला घ्या. तिकीट वेगळं, किमान इतक्याचं खायलाच हवं ही अट वेगळी, आणि जागा खांबाआड. डबल बास या खर्जाच्या मोठ्या तंतुवाद्याचा वादक एकटा वाजवायला लागला नेमकं तेव्हा शेजारच्या टेबलावर स्टेक कापण्यावरून चर्चा सुरू झाली. बिल पाहिलं तेव्हा लक्षात आलं की संगीत तोंडी लावण्यापुरतं होतं. व्हॉर्टेक्समध्ये मला सुखावलं ते नेमकं हेच: लोक ऐकायला येतात. बार आहे, हातात ग्लास असतात, पण वाजवणं सुरू झालं की बोलणं थांबतं.

जॅझची भीती वाटणाऱ्यांना एक किल्ली देते. पारंपरिक ढंगाचं जॅझ असेल तर आधी सगळे मिळून मूळ धून वाजवतात. ती बहुतेक वेळा बत्तीस मात्रागटांची, ब्लूज असेल तर बाराची. मग त्याच चौकटीवर एकेक जण आपापला विस्तार करतो, आणि शेवटी पुन्हा धून. म्हणजे आवर्तन फिरतंच असतं. मोजायला लागा, तिसऱ्या-चौथ्या फेरीत ‘आता आलं’ हे कळायला लागेल. पुढे ड्रमवाला आणि पियानोवाला चार-चार गटांची देवाणघेवाण करतात तेव्हा तर भाषांतरच लागत नाही, सवालजवाब आहे तो सरळ. आणि प्रत्येकाचा विस्तार संपला की मधेच टाळी द्यायची! पोटातून ‘येस’ म्हणून ओरडलेलंही चालतं. विगमोरमध्ये दाबून ठेवलेल्या सगळ्या वाहवा मी इथे वसूल करते. ड्रमवर काठ्यांऐवजी तारांचे ब्रश फिरतात तो आवाज दुसऱ्या रांगेतून ऐकाच.

सगळंच कानाला गोड लागेल अशी अपेक्षा मात्र नको. ही जागा मुक्त वादनासाठीही नावाजलेली आहे. एव्हन पार्कर हे १९४४ साली जन्मलेले सॅक्सोफोनवादक इथे वर्षानुवर्षं नियमित वाजवत आले आहेत. श्वास न तोडता, गालात हवा साठवून ते मिनिटामागून मिनिटं अखंड वाजवतात. धून नाही, ठेका नाही, आवर्तन नाही. मला त्यातली पहिली वीस मिनिटं विलक्षण वाटली आणि पुढची वीस लांबली. तिकीट काढण्याआधी कार्यक्रमाच्या माहितीत ‘मुक्त’ किंवा ‘उत्स्फूर्त’ अशा अर्थाचे शब्द आहेत का बघा, आणि सासूबाई पहिल्यांदाच लंडनला आल्या असतील तर त्या दिवशी त्यांना दुसरीकडे न्या.

आपला या सगळ्याशी काय संबंध, असं विचारणारेही असतात. त्यांना मी अमान्सिओ डिसिल्व्हाचं नाव सांगते. मूळ गोव्याचं कुटुंब, १९३६ सालचा मुंबईचा जन्म, गिटार हातात. साठच्या दशकात हा माणूस लंडनला आला आणि १९६९ मध्ये जमैकाहून आलेल्या जो हॅरियट या सॅक्सोफोनवादकाबरोबर त्याने एक तबकडी केली, नाव ‘हम दोनो’. दोघंही परमुलखातून आलेले, आणि शीर्षक असं! लंडनच्या जॅझमध्ये आपल्या कोकणपट्टीचा सूर तेव्हापासून मिसळलेला आहे. ग्रुपवर मी त्याची लिंक टाकली होती, तीन अंगठे आले.

दोन्हींत निवडायचं तर? आवाज विगमोरचा, संगत व्हॉर्टेक्सची. एकदाच जाणार असाल तर विगमोर. पुन्हा पुन्हा जायची सवय लावायची असेल तर व्हॉर्टेक्स. दहावी-बारावीतली मुलं घरात असतील त्यांच्यासाठी तिसरा पत्ता: होबर्नजवळ रेड लायन स्क्वेअरला कॉनवे हॉल. इमारत १९२९ची. रविवारी संध्याकाळी चौकड्या आणि त्रयींच्या मैफली होतात, ही प्रथा एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली. ८ ते २५ वयाच्या मुलांसाठी एका ट्रस्टतर्फे फुकट तिकिटं असतात, मागून घ्यावी लागतात.

आता येत्या हंगामाचं. विगमोरचं वेळापत्रक महिनोन् महिने आधी लागतं, आणि पियानोची मोठी नावं चटकन संपतात. नावामागे धावू नका. तरुण चौकड्या आणि दुपारच्या मैफली बघा, तिकिटं मिळतात आणि वादक जीव तोडून वाजवतात. नोव्हेंबरात लंडन जॅझ फेस्टिव्हल असतो, तेव्हा व्हॉर्टेक्ससारख्या छोट्या जागाही भरतात, म्हणून दिवाळीच्या फराळाबरोबरच तिकिटांचं उरकून टाका. इतर वेळी आठवडाभर आधी पाहिलं तरी बहुधा चालतं.

डाल्स्टनला जाताना उपाशी गेलात तरी हरकत नाही. किंग्जलँड रोडवर तुर्की खानावळींची रांगच आहे. शाकाहारी मंडळींनी पालक-चीज घातलेली गोझलेमे मागवावी, लाटून तव्यावर भाजून देतात. फक्त जेवण वादनाच्या आधी करा. दुसरा सेट संपायला अकरा वाजतात आणि मेट्रोपॉलिटन लाइनवर रात्रभर गाड्या नसतात. शुक्रवार-शनिवारी ज्युबिली मात्र रात्रभर धावते, तेव्हा वेम्बली पार्ककरांनी वेस्ट हॅम्पस्टेडपर्यंतची ओव्हरग्राउंड गाठली की झालं. आम्हा हॅरोकरांना शेवटच्या धुनेला एक डोळा घड्याळावर ठेवावा लागतो.