लॉ स्कूलआधी काय घ्यावं: राज्यशास्त्र की तत्त्वज्ञान?

अमेरिकेत जेडी या कायद्याच्या पदवीसाठी आधी कुठल्याही विषयातली पदवी चालते. अमेरिकन बार असोसिएशन ही वकिलांची संघटना ठरावीक विषयाचा आग्रह धरत नाही. तरी कितीतरी जण डोळे मिटून राज्यशास्त्र घेतात. त्यात वावगं काही नाही. राज्यघटना, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल यांची आधीच ओळख होते. पण लॉ स्कूलमध्ये हे सगळं पुन्हा पायापासून शिकवतातच.

माझा कौल तत्त्वज्ञानाला. ऑगस्ट २०२४ पासून एलसॅट या लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेतली तर्ककोडी गेली. आता गुण ठरतात ते युक्तिवादाच्या दोन आणि आकलनाच्या एका विभागावर. ‘सगळे वकील भरपूर वाचतात, मीना भरपूर वाचते, म्हणून मीना वकील आहे.’ यात गोम नेमकी कुठे आहे, हे तर्कशास्त्राच्या वर्गात सतत शोधावं लागतं. एलसॅटही तेच विचारते. शिवाय अवघड मजकूर सावकाश वाचायची आणि समोरच्याची बाजू आधी नीट मांडून मग खोडायची सवय लागते. वकिलाला याहून उपयोगी काय असणार!

मात्र प्रवेशात जीपीए, म्हणजे पदवीच्या गुणांची सरासरी, जड भरतो. कांटसारखे तत्त्वज्ञ वाचताना जीव नकोसा होत असेल, तर खुशाल राज्यशास्त्र घ्या. आणि शोधांच्या पेटंटचं काम करायचं असेल, तर दोन्ही विषय अपुरे: पेटंट कार्यालयाच्या परीक्षेला बसायला साधारणपणे विज्ञान किंवा अभियांत्रिकीचं शिक्षण लागतं.