युकिमी दाइफुकु: फ्रीझरमधून काढल्या काढल्या खाऊ नका

टोकियोत निशिकासाईला राहायला आल्यापासून आमच्या फ्रीझरमध्ये युकिमी दाइफुकु कायम असतं. लॉत्ते कंपनीचं हे मोची आइस्क्रीम: आत व्हॅनिला, बाहेर मोचीचं, म्हणजे चिकट तांदळाच्या पिठाचं, पांढरं आवरण, पाकिटात दोन गोळे आणि टोचून खायला एक प्लास्टिकची काडी. दमट उन्हाळ्यापासून कडक थंडीपर्यंत सगळ्या हवेत खाऊन झाल्यावर लिहितोय.

यात पैसे आवरणाचे. आतलं व्हॅनिला ठीकठाक आहे, नुसतं वाटीत दिलं तर कोणी पुन्हा मागणार नाही. आवरण मात्र उकडीच्या मोदकाच्या पारीसारखं, पातळ आणि लुसलुशीत. मोदक गार झाला की पारी कडक होते, हे मात्र उणे अठरा अंशांतून बाहेर येऊनही दाताखाली लवतं. आपल्या नेहमीच्या तांदळात अमायलोज नावाचं स्टार्च असतं, ते थंड झालं की घट्ट बसतं. मोचीच्या तांदळात ते जवळजवळ नसतंच. शिवाय पिठात साखर आणि स्टार्चचा पाक सढळ हाताने घातलेला असतो, त्यामुळे त्यातल्या पाण्याचा सहजासहजी बर्फ होत नाही. साधी मोची फ्रीझरमध्ये ठेवून बघा, दगड होतो.

तरी काढल्याबरोबर खाऊ नये. ओट्यावर चारेक मिनिटं थांबायचं, थंडीत थोडं जास्त. कडेला बोटाने दाबल्यावर खळी पडली की समजा झालं. त्यापुढे वेळ गेला तर गोळा बसतो आणि आइस्क्रीम ओघळतं. अर्धवट वितळलेलं पुन्हा गोठवलं की आत बर्फाचे खडे होतात, म्हणून दुकान घरापासून लांब असेल तर थंड पिशवी न्या.

हे मुळात थंडीत विकायचं आइस्क्रीम. 1980 मध्ये कंपनीने मार्शमेलोत गुंडाळलेलं 'वाताबोशी' काढलं होतं, मोचीचा अवतार 1981 चा. गरम केलेल्या खोलीत पांघरुणात बसून खाल्लं की हिवाळा का निवडला ते पटतं.

इथले लोक चीजच्या टोस्टवर हा गोळा ठेवून गरम करतात. ऐकायला विचित्र, पण खारट-गोड आवडत असेल तर जरूर करा. आमच्या घरात यावरून दोन तट आहेत.

शाकाहारी मंडळींसाठी: घटकांच्या यादीत अंड्याचा पांढरा भाग आहे, चित्रावरून कळत नाही. आणि घरात लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर तुकडे करूनच द्या. मोची घशात अडकून जपानात दर नववर्षाला माणसं दगावतात. हे आवरण पातळ असलं तरी चिवट आहेच.

अमेरिकेतल्या नातेवाइकांना मोची आइस्क्रीम म्हटलं की लॉस एंजेलिसच्या लिटल टोकियोतल्या मिकावाया या जपानी मिठाईच्या दुकानाचं आठवतं; ते दुकान 2021 मध्ये बंद झालं. दुकानाच्या मालकीण फ्रान्सिस हाशिमोटो यांनी मोची आइस्क्रीम 1990 च्या दशकात तिकडे रुजवलं. त्यांच्याकडे आंब्याच्या चवीचंसुद्धा मिळायचं. इकडे पाहुणे आले तर युकिमीचा नऊ छोट्या गोळ्यांचा खोका घ्या, दोनच्या पाकिटावरून भांडणं होतात.