जर्मन अ‍ॅनाग्रॅम शब्दकोडं: आधी प्रत्यय की आधी छेदणारी अक्षरं?

या कोड्यात दिलेल्या अक्षरांचा क्रम बदलून नवा शब्द करायचा असतो. लांब शब्दाला प्रत्ययाची युक्ती उत्तम. सात अक्षरांत यू, एन, जी दिसले की ते ‘उंग’ हा प्रत्यय समजून शेवटच्या तीन चौकटींत पेन्सिलने टाका. उरलेल्या झेड, ई, आय, टीमधून ‘त्साइटुंग’, म्हणजे वर्तमानपत्र, लगेच सुटतं. पाच अक्षरी शब्दात मात्र ती दगा देते. ‘आउगेन’मध्येही (डोळे) यू, एन, जी आहेत, पण उत्तर ‘गेनाउ’ (अचूक). तिथे छेदणारी अक्षरंच, म्हणजे आडव्या-उभ्या दुसऱ्या शब्दांतून मिळालेली अक्षरं, बघावीत, तीही पारखून. ‘आम्पेल’पासून (सिग्नल) ‘लाम्पे’ही (दिवा) होतो, ‘पाल्मे’ही (ताडाचं झाड). दोन्हींत दुसरं अक्षर ए, पाचवं ई. म्हणून पहिलं, तिसरं किंवा चौथं मिळेपर्यंत पेन उचलू नका. आणि हो, उम्लाउटवाला (डोक्यावर दोन टिंबं असलेला) यू सहसा यू-ई अशा दोन चौकटी घेतो. अक्षरं मोजताना हे हमखास विसरतं.