पहिल्या तासाची दहा मिनिटं आणि ‘किशोर’

परिपाठ संपवून वर्गात आलेल्या सातवीच्या मुलांना लगेच धड्यावर आणणं किती अवघड, हे पहिला तास घेणाऱ्यांना सांगायला नको. मैदानावरचं भांडण वर्गातही चालूच असतं. पंचवटीतल्या एका शाळेत मी मराठी शिकवते. तासाची पहिली दहा मिनिटं आम्ही फक्त वाचतो, आणि त्यासाठी मला सगळ्यात उपयोगी पडलंय ते बालभारतीचं ‘किशोर’ मासिक.

यातला मजकूर दोन-चार पानांत संपतो. जाड पुस्तक दिलं की अडखळत वाचणारं मूल तिसऱ्या पानावरच राहतं आणि दुसऱ्या दिवशी ते उघडतच नाही. इथे कविता, कोडी, विज्ञान, गोष्ट सगळं एकाच अंकात, ज्याला जे झेपेल ते त्याने घ्यावं. मासिक ८ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. त्यामुळे वाचनात मागे असलेल्या मुलाच्या हातातही तोच अंक असतो, जो पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातात. ‘लहान पोरांचं पुस्तक’ म्हणून त्याला कुणी चिडवत नाही. माझ्या दृष्टीने हे फार मोलाचं आहे.

अंक जसाच्या तसा मात्र मी वर्गात देत नाही. पिना काढून एकेक गोष्ट वेगळी करते, जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यात शिवते. म्हणजे एका अंकात आठ-दहा जणांचं भागतं आणि ओढाओढ होत नाही.

दुसरा खजिना म्हणजे जुने अंक. मासिक १९७१ साली सुरू झालं आणि तेव्हापासूनचे अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. आई-वडील सातवीत असतानाचं साल मुलांना घरी विचारून यायला सांगितलं आणि त्या-त्या सालातल्या गोष्टी छापून दिल्या. मार्केट यार्डात हमाली करणाऱ्या एका वडिलांनी ती गोष्ट रात्री स्वतः वाचली, मग आजीला वाचून दाखवली. मुलगा सकाळी आल्या आल्या म्हणाला, “बाई, पप्पांना अजून एक पाहिजे.” मला फार आनंद झाला.

उणिवाही आहेत. काही गोष्टींत शेवटी बोध उघड सांगितलेला असतो. या वयाची मुलं तो आधीच ओळखतात आणि गोष्ट अर्ध्यात ठेवतात, म्हणून निवड आपणच करावी. रंगीत चित्रांची झेरॉक्स काळपट येते. शक्य असेल तर मूळ अंकच घ्या.

आणि सहकाऱ्यांना कळकळीची विनंती: वाचून झालं की प्रश्न विचारू नका, सारांश लिहायला लावू नका. मुलं वाचतात तेव्हा आपणही खुर्चीत बसून वाचावं, हजेरी नंतर घ्यावी. वर्गणी भरताना शाळेच्या कपाटासाठी एक प्रत घेऊन थांबू नका. साठ मुलांच्या वर्गाला निदान पाच-सहा प्रती हव्यात.